पेटीतल्या तीन पिना

“तुझं विमान परत येतंय,” आमचे शिफ्टप्रमुख शेख साहेब म्हणाले.

मी विमानांच्या हँगरमागं शर्ट बदलत होतो. हैदराबादेहून दुपारच्या गाडीनं येरमाळ्याला, घरी निघायचं होतं.

“परत? आत्ता तर गेलं!”

“पुढचं चाक आत जाईना. पिना कुणी काढल्या?”

मीच काढल्या होत्या.

आधी पिनांचं सांगतो. विमान जमिनीवर उभं असताना त्याचे पाय, म्हणजे लँडिंग गिअर, चुकून दुमडू नयेत म्हणून प्रत्येक पायात एक पिन अडकवतात. आमच्या विमानाला तीन पाय, म्हणून तीन पिना. उड्डाणाआधी त्या काढायच्या, पेटीत ठेवायच्या आणि पेटी कॅप्टनला दाखवायची. पिन राहिली तर ते चाक वर जात नाही. साधं काम. मेकॅनिक म्हणून बावीस वर्षं करत होतो.

त्या सकाळी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी आमच्या येडाईच्या यात्रेत खडे वेचायचे होते. चुन्याच्या रानात सगळी माणसं वाकून पांढरे खडे गोळा करतात, देवीच्या नावानं. ड्युटीपायी माझी तीन वर्षं चुकली होती. आदल्या दिवशी आई फोनवर म्हणाली, “औंदा तू आल्याबिगर म्या खडं येचणार न्हाय, बग.” आईनं कधी काही मागितलं नव्हतं. तेव्हापासून डोळ्यांपुढं ते रानच दिसत होतं.

मागच्या दोन पिना काढून पेटीत टाकल्या. तेवढ्यात गाडीवाल्याचा फोन आला, गाडी अर्धा तास आधी सुटणार. फोन ठेवला आणि पेटीत पाहिलं. तीन पिना. झालं! पेटी दाखवली, उड्डाणाच्या कागदावर सही केली, मोकळा झालो. पेटीत आदल्या शिफ्टची एक जादा पिन पडून होती, हे मला काय ठाऊक? पुढच्या पायातली पिन तिथंच राहिली. लांबून दिसावी म्हणून पिनेला बांधतात ती लाल फीत तुटलेली, त्यामुळं ती दुसऱ्या कुणालाही दिसली नाही.

“साहेब, माझ्याकडूनच राहिली. सही माझीच आहे.”

शेख साहेब आमच्याच जिल्ह्यातले, मुरुमचे. तोंड तिखट. “शहाण्या, पेटी मोजलीस अन् पाय बघितला न्हाईस व्हय?” मग आवाज खाली आला. “आता कुठं जाऊ नको.”

इंधन जाळून वजन कमी करायला विमान पाऊण तास घिरट्या घालत होतं. पिन आत असली की चाक बाहेर घट्ट राहतं, उतरायला अडचण नसते, हे मला पाठ होतं. तरी मनात येत होतं, आतल्या माणसांचीही घरी कुणीतरी वाट बघत असेल. मी येडाईचं नाव घेत वर बघत उभा राहिलो.

विमान नीट उतरलं. मी पळत जाऊन पिन उपसली आणि साहेबांच्या हातात दिली.

चौकशी लागली, रजा रद्द झाली. गाडी तर कधीच गेली होती. आईला फोन केला.

“आई, न्हाय जमत. मोठी चूक झाली माझ्याकडून.”

“इमानातली मानसं बरी हायती न्हवं?”

“व्हय.”

“मंग कशाला जीव जाळतूस? खडं कुठं पळून जात्यात? फुडल्या साली येचू दोघं.”

ती बोलल्याप्रमाणं रानात गेली नाही. दारात बसून देवीची पालखी बघितली, असं शेजारीण सांगत होती.

तीन महिने मला सहीचा अधिकार नव्हता, मग परत मिळाला. पुढल्या साली रजा टाकून गेलो. रान तेच होतं, खडेही होते. आई नव्हती. माघातच ती वारली. मी एकट्यानं वाकून खडे वेचले, दोघांच्या वाटचे.

आता रिटायर होऊन येरमाळ्यातच राहतो. वरून विमान गेलं की मान आपोआप वर होते. हँगरची आठवण येते, आईची त्याहून लई येते.

नव्या मेकॅनिकना शिकवायला अजून मला बोलावतात. मी दोनच गोष्टी सांगतो. पेटी भरलेली दिसली म्हणून निघू नका, प्रत्येक पायाला हात लावून बघा. आणि यात्रेला जायचं असेल, तर आदल्या दिवशी ड्युटी घेऊ नका.