तिथ्यांची फाइल

आमच्या घरात लिहिलेला कागद रद्दीत जात नाही. ज्यावर कुणाचं गोत्र आहे, कुणाच्या गेलेल्या आजोबाचं नाव आहे, तो कागद वाण्याच्या पुडीला जाऊ नये म्हणून बाबा तो नदीत सोडतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा घोळ तिथून सुरू होतो. माझा मूर्खपणा नंतरचा.

बाबांनी पन्नास वर्षं भिक्षुकी केली. अकोल्याहून सायकलवर, मग लूनावर, पार तेल्हाऱ्यापर्यंत त्यांची यजमानांची घरं होती. तीनशेच्या वर. कोणत्या घरातलं कोण कोणत्या तिथीला गेलं ते त्यांच्या सात जाड वह्यांत लिहिलेलं असे. घरच्यांना ते आठवत नसे, आणि आठवायची गरजही नव्हती. पितृपक्ष तोंडावर आला की महाराजांचा, म्हणजे बाबांचा, निरोप जायचा, अमक्या दिवशी तुमच्या बापाचं आहे, आणि त्या घरात त्या दिवशी वडे तळले जायचे.

आई गेल्यावर मी बाबांना अमरावतीला माझ्याकडे आणलं. मी कॉलेजात वाणिज्य शिकवतो, उन्हाळ्यात मोकळा असतो. तीन उन्हाळे आम्ही दोघांनी त्या वह्या कॉम्प्युटरवर चढवल्या. बाबा वाचायचे, मी टाइप करायचो. आयुष्यात बापाशी एवढा वेळ मी कधी बसलो नव्हतो. मधेच ते थांबून सांगायचे, ही बाई मोठी हुशार होती, हा माणूस विहिरीत उतरला तो वर आलाच नाही. ते मी टाइप केलं नाही. तेव्हा वाटलं, त्याला रकाना कुठे आहे!

शेवटची वही संपली तशी बाबांनी सातही वह्या लाल फडक्यात बांधल्या.

"आता मशिनीत हाय ना सारं?"

"हो बाबा. पक्कं."

मीच त्यांना गाडीनं पूर्णेवर नेलं. मीच पुलावर हात जोडून उभा राहिलो. पुढं दरवर्षी आम्ही यादी छापायचो, तिच्यावरून फोन करायचो, आणि सर्वपित्री अमावास्या झाली की ती यादीही वाहत्या पाण्यात. मी शिकलेला माणूस, एक प्रत कपाटात ठेवावी एवढं मला सुचू नये? सुचलं होतं. पण बाबांना ते आवडलं नसतं, आणि मला वाद घालायचा कंटाळा होता.

गेली दोन वर्षं बाबांची आठवण उतरत चालली आहे. जेवून उठतात आणि जेवायचं आहे का म्हणून विचारतात. ज्या माणसाला तीनशे घरांतले मेलेले पाठ होते, त्याला आता शेजारच्या जिवंत माणसांची नावं येत नाहीत. म्हणजे त्यांच्या पन्नास वर्षांचं जे काही उरलं होतं, ते त्या एका फाइलीत होतं. हे मला ठाऊक होतं. नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

यंदा जुना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. सुरू व्हायला अर्धा तास, मधेच गप्प. आणि पितृपक्षात घरात नवी वस्तू येत नाही. घ्यायचा तर आधी घ्या, नाहीतर नवरात्र उजाडेपर्यंत थांबा. आणि यादी तर पितृपक्षातच लागणार. म्हणून गणपतीतच, अनंत चतुर्दशीच्या दोन दिवस आधी, घाईघाईनं नवा आणला. दुकानदार म्हणाला, जुना देऊन टाका सर, अडगळ कशाला ठेवता. मी पेन ड्राइव्ह लावला, पडद्यावर समोर दिसत होतं ते सगळं उचललं, नव्यात आणून ठेवलं. ‘तिथी’ नावाचं चित्र नव्या पडद्यावर नीट दिसलं. उघडून बघितलं नाही. बाबांनी नव्या कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं आणि जुना गेला.

चतुर्दशीच्या सकाळी बाबा म्हणाले, "पुनव अन् परतिपदेची घरं काढ रे." मी ‘तिथी’वर टिचकी मारली. फाइल सापडत नाही, असा निरोप आला. पुन्हा मारली. पुन्हा तेच. मग मला त्या चित्राच्या कोपऱ्यातला इवलासा बाण दिसला.

तो बाण म्हणजे खरी फाइल इथं नाही, दुसरीकडे आहे, असं दाखवणारं नुसतं बोट. बोट मी घरी आणलं होतं. माणूस जुन्या पेटीत राहिला होता.

मी बाबांना म्हणालो, "जरा बाहेर जाऊन येतो." दुकानात गेलो तर जुना माल कालच अकोल्याला गेलेला. तिथं एक जण जुने कॉम्प्युटर घेऊन, पुसून, नीटनेटके करून विकतो. फोन लावला, उचलेना. बडनेऱ्याला येऊन मिळाली ती गाडी पकडली. मूर्तिजापूर येईस्तोवर तीन वेळा फोन लावला. बसायला जागा होती तरी मी दाराशी उभा होतो. एखाद्या देवाला काही बोलावं म्हटलं, तर भिक्षुकाच्या पोराला एकही नवस सुचेना.

अकोल्यात विसर्जनाची मिरवणूक. ऑटोवाल्यानं स्टेशनच्या पुढं दोन चौकांवर हात टेकले. "इथून पुढं नाई जात साहेब. पैदलच जा लागते." ढोलांच्या गर्दीतून, गुलालातून, मी पन्नाशीचा माणूस कोपरं मारत धावत सुटलो. कुणीतरी माझ्या कपाळाला गुलाल फासला आणि नाचायला ओढलं. त्याला मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. वाकून आत गेलो. माझा कॉम्प्युटर टेबलावरच होता. झाकणावरचा बाबांचा जुना कुंकवाचा ठिपका ओळखला आणि जीव भांड्यात पडला.

दुकानदार माझ्याच वयाचा, शांत माणूस. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आधी पाणी दिलं.

"साहेब, हा तं मी सकाळीच पुसला. नवीन सिस्टीम टाकली त्याच्यावर."

"पण परत निघत असेल ना काही?"

"पाहू."

तीन तास तो पाहत होता. मी त्याच्या मागं स्टुलावर बसून होतो. पडद्यावर नावं वर सरकत होती आणि एकदम ‘तिथी’ आली. मी ओरडलो. त्यानं उघडली. आत चौकोनच चौकोन, ओळीनं, पानभर. एकही अक्षर नाही. मी त्याला म्हटलं, पुन्हा उघड. त्यानं उघडली. माझ्या समाधानासाठी त्यानं ती सहा वेळा उघडली.

"बापाचं काई होतं का साहेब याच्यात?" त्यानं विचारलं. मला रडू आलं.

घरी आलो. बाबांना काही बोललो नाही. ज्यांच्याकडे मृत्यूचा दाखला होता त्यांच्या तिथ्या तारखेवरून पंचांगात काढता आल्या असत्या. पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्यांचं काय? त्यांचा दाखला म्हणजे बाबांची वहीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. तेल्हाऱ्याकडचे एक शेतकरी, बाबांच्या जुन्या यजमानांपैकी.

"महाराजाचा फोन नाई आला यंदा. आमच्या मायची तिथी कवा हाय जी?"

मी म्हणालो, "दशमी."

तोंडातून गेलं ते गेलं. का दशमी? माहीत नाही. फोन ठेवला तर बाबा दारात उभे.

"त्याची माय दशमीले नोती गेली," ते म्हणाले.

"मग कधी गेली, बाबा?"

ते भिंतीकडे बघू लागले. ओठ हलत होते. एक-दोनदा बोटांवर काही मोजलं. मग त्यांनी नाही म्हणून मान हलवली. आणि मी त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगून टाकलं: बाण, पेन ड्राइव्ह, अकोला, चौकोन. वाटलं, आता हात उगारतील. उगारला असता तर बरं झालं असतं.

"मंग अमावास्या कशाले ठेवली हाय?" ते म्हणाले. "ज्याची तिथी मालूम नाई, त्याची सर्वपित्री. साऱ्याइले तेच सांग. पयले त्याले फोन लाव. खोटं सांगतलं त्याले."

मी फोन लावला. खरं ते सांगितलं. पलीकडे त्यानं ट्रॅक्टर बंद केला.

"म्हंजे माय कोन्या दिवशी गेली, हे आता कोनालेच मालूम नाई," तो म्हणाला. रागानं नाही म्हणाला. "बरं. अमावास्येले करतो."

त्या पंधरा दिवसांत, मोबाइलमध्ये साठलेल्या नंबरांवर, मी असे दोनशेच्या वर फोन केले. बाबा शेजारी खुर्चीवर बसून ऐकायचे. मधेच विसरायचे आणि विचारायचे, "सारेच अमावास्येले काहून गेले रे?" मी दर वेळी पुन्हा सांगायचो. दर वेळी ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचे, आणि दर वेळी त्यांचा चेहरा तसाच उतरायचा.

अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा फोन झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. डोळे स्वच्छ होते, त्या दिवशी त्यांना सगळं आठवत होतं.

"मी गेलो का माही तिथी पेनानं लिहून ठेवजो," ते म्हणाले. "अन् तो कागद नदीत सोडू नको."