माघारी आलेली जोडी

माझी लेक बी.एस्सी. झाली, तेव्हा तिने काय करावं हे सांगायला आमच्या घरी माणसांची रांग लागली. लागणारच की. आमच्या नात्यात पदवी घेतलेली ती पहिलीच मुलगी. आमचे हे शिंपी, ह्यांचे वडील शिंपी, आणि दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. धाकटे दीर म्हणायचे, टायपिंग शिकून घे. येलवालची नणंद म्हणाली, माझ्याकडे ये, रेशमाचे किडे पाळू, तुझं शास्त्र तरी कामाला येईल. गेलीसुद्धा. परत येऊन म्हणाली, "आई, ते सगळा वेळ खातच असतात गं. अंधारात नुसता खाण्याचा आवाज." शिकवण्या घेऊन पाहिल्या, मुलं टिकेनात. ह्यांना मात्र एकच ठाऊक, खुर्चीवर बसायची नोकरी. ह्यांचं एक जुनं गिऱ्हाईक कुठल्याशा कंपनीत साहेब होतं. त्यांनी शब्द दिला होता, दसरा झाला की सोमवारी पाठवून द्या. "माझ्या मुलीच्या बोटात शिंप्याचा अंगुस्ताना दिसायला नको," हे ह्यांचं येता-जाता चालू.

आता इकडची एक रीत सांगते. नवरात्रात म्हैसुरात घरोघर पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात. आम्ही मराठी खरे, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, म्हणून आमच्याकडेही मांडतात. मान असतो राजा-राणीच्या लाकडी जोडीला. लग्नात आईबापांनी ती मुलीला द्यायची, तिने सासरी न्यायची आणि दर वर्षी नवे कपडे घालून मांडायची. माझ्या जोडीला मी आपली दरसाल एक चिंधी गुंडाळत असे. त्या वर्षी लेक रिकामी होती. गणपती झाल्यावर तिने दुकानातल्या कातरणांतून राणीला अशी नऊवारी नेसवली, की काष्टा, निऱ्या, काठ, सगळं जिथल्या तिथे. शेजारीण बघून म्हणाली, "अय्यो, ही आत्ता उठून चालायला लागेल!" दुसऱ्या दिवशी आपली जोडी घेऊन हजर. मग तिची बहीण. मग बहिणीची विहीण. पितृपक्ष अर्धा सरेपर्यंत आमच्या कपाटावर दुसऱ्यांचे राजे-राण्या ओळीने उघडे बसलेले.

"हे काय, दरबार भरवलाय?" हे म्हणाले.

"अप्पा, मी हेच करीन म्हणते. वर्षभर. लग्नातल्या जोड्या असतात, देवांचे कपडे असतात."

"दसऱ्यापर्यंत खेळ. सोमवारी ऑफिस."

त्याच पंधरवड्यात गावातल्याच चामराजपुरमहून एक बाई आल्या. माझ्याहून मोठ्या, कानडी बोलणाऱ्या, फार सभ्य. काखेत गाठोडं. त्यांची एकुलती एक मुलगी बाळंतपणात गेली होती आणि सासरच्यांनी तिची ट्रंक परत पाठवली. त्या ट्रंकेत तिची जोडी होती. जोडी कधी माघारी येत नाही हो. जाते ती जातेच. मी तर गाठोड्याला हात लावायलाही कचरले. बाईंना ती जोडी नवरात्रात मांडायची होती आणि राणीला मुलीच्या लग्नातली साडी कापून नेसवायची होती. सगळ्यांनी नको म्हणून सांगितलेलं. असली जोडी घरात ठेवू नये, नदीला द्यावी.

"नदीला एकदा दिलं ना तिला," बाई म्हणाल्या. "आणखी किती देऊ?"

लेकीने हो म्हटलं. मी तिच्याकडे बघतच राहिले.

बाई गेल्यावर हे आतून बाहेर आले. "शिंप्याने गेलेल्या माणसाच्या कापडाला कातर लावायची नसते. माझ्या बापाने सांगितलंय. ते हाताला चिकटतं. घरातलं माणूस मागतं."

"मग हाताने फाडते."

"फाडतात ते तिरडीवरचं! शुद्धीवर आहेस का?"

तिने गाठोडं जवळ ओढून घेतलं. मग म्हणाली, "अप्पा, नुसत्या हसऱ्या घरच्या बाहुल्या नेसवायच्या असल्या तर तुमचंच खरं, तो खेळ. हे परत केलं तर मी सोमवारी मुकाट्याने ऑफिसात जाते. पण काम म्हणायचं असेल तर हेही करायला हवं ना?"

हे वळले आणि मशीनवर जाऊन बसले.

साडी आमच्या पुढच्या खोलीत राहिली. लाल, मोठ्या काठाची, घडीत वाळलेली मोगऱ्याची फुलं तशीच. तिचा वास सगळ्या खोलीला. पँट शिवायला आलेला एक माणूस दारातच थबकला, म्हणाला, "कुणी पाहुणी आहे का आत? मग येतो." ह्यांच्या मशीनचा दोरा सारखा तुटायचा. तुटला की हे काही न बोलता लेकीकडे बघायचे. मीसुद्धा एकदा कॉफीचा एक पेला जास्तीचा भरला. कुणासाठी भरला, मलाच कळेना. पेला हातात घेऊन उभी राहिले आणि मग मोरीत ओतला.

ती गेलेली मुलगी साडी कशी नेसायची ते विचारायला आम्ही दोघी बाईंच्या घरी गेलो. लेकीने आधी फोटो मागितला. "फोटोत ती तशी नाही दिसत," बाई म्हणाल्या. "तिला निऱ्या घट्ट चालत नाहीत. पदर लांब लागतो. डावा खांदा जरा उतरता ठेवते." सगळं असं, चालू काळात. मग उठल्या आणि स्वतःच्याच साडीच्या निऱ्या सैल करून मुलीसारख्या दारापर्यंत चालून दाखवायला लागल्या. खोटं नाही सांगत, दारापर्यंत गेल्या त्या बाई, आणि वळून आली ती कुणी वेगळीच होती, तरुण. मी मागे सरकून भिंतीला टेकले. लेक मात्र टक लावून खांदा बघत होती.

सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी तिने कटिंगच्या टेबलावर साडी पसरली. दुसऱ्या दिवशी घटस्थापना, म्हणजे आता थांबून भागणार नव्हतं. खडूने खूण केली. कातर उचलली. खाली ठेवली, परत उचलली. मी देवघराच्या उंबऱ्यात उभी, ना आत ना बाहेर.

तेवढ्यात हे आले. "सरक."

"अप्पा, मी करणार आहे."

"सरक म्हणतो ना! लागायचं ते मला लागू दे."

तिच्या हातातून कातर घेतली आणि तिच्या खुणेवरून सरसर, एका दमात कापत गेले. पदराचा तुकडा वेगळा झाला तसा तिच्यापुढे ठेवला. "शीव आता. शिवण्यात काही नसतं." आणि जे परसात गेले ते डोक्यावरून आंघोळ करूनच आत आले. दिवसभर कुणाला शिवले नाहीत.

संध्याकाळी आम्ही जोडी घेऊन गेलो. राजाला लेकीने साधं पांढरं नेसवलं होतं, कारण बाईंच्या जावयाने दुसरं लग्न केलेलं, त्याच्या नावाने बाई काही बोलल्याच नाहीत. राणीचा खांदा तेवढा उतरता. बाईंनी तिला दोन्ही हातांत धरलं, जवळ नेलं आणि हलकेच म्हणाल्या, "बंद्या?" म्हणजे, आलीस? माझ्या एवढ्या शिकलेल्या मुलीने लहानपणीसारखा माझा पदर पकडला.

दसरा झाला. त्या साहेबांच्या पँटी तयार होत्या, त्या द्यायला हे स्वतः गेले. परत आल्यावर पाय धुताना म्हणाले, "सांगून आलो. म्हटलं, सोमवारी यायला तिला जमणार नाही, तिला काम आहे." लेक आत आमच्या राणीच्या निऱ्या सोडवत होती. तिने ऐकलं, पण बाहेर नाही आली.

काम वाढलं हो. लग्नसराईत श्वास घ्यायला सवड नसायची. आणि दर वर्षी कुणी ना कुणी गाठोडं घेऊन यायचंच. आईची साडी, सासूची, बहिणीची. ते कापड हे तिला कधी कापू देत नसत. बाकी सगळं तिचं, तेवढं ह्यांचं. पण तेव्हापासून ह्यांना एक लागलं ते लागलंच. सकाळी उठल्या उठल्या तिला हाक मारायची, तिने ओ दिली की मग चूळ भरायची. ती शिंकली तरी ह्यांचा चेहरा उतरायचा. आणि स्वतःला ताप आला, पाय मुरगळला, दाढ दुखली, की कसे खुलायचे! "बघ, मलाच लागलं," असं मला म्हणायचे, जणू बक्षीस मिळालंय. मी रागवायची. त्यावर हसायचे.

हे गेले ते कितीतरी वर्षांनी, लेकीचं लग्न होऊन नातू खेळता झाल्यावर, म्हातारे होऊन, अंथरुणात, कसलाही त्रास न होता. तेरावा झाल्यावर पुढच्या खोलीत आम्ही दोघीच बसलो होतो. कुणाचं तरी गाठोडं आलेलं, न सोडलेलं.

"आई," ती म्हणाली, "तेच लागलं का गं अप्पांना?"

"अगं, वय झालं होतं त्यांचं."

"ते मला कळतं," ती म्हणाली. मग तिने गाठोडं सोडलं, आतली साडी टेबलावर पसरली आणि खडूने खूण केली. तिचा मुलगा दारात खेळत होता. त्याला म्हणाली, "तू जा रे बाहेर. लांब जाऊन खेळ." मी उठून त्याला घेऊन गेले. कातरीचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.