मॅटीवरचं प्रभुभोजन

आईने भरलेलं चित्र मी वॉशिंग मशीनच्या मागे लपवलं होतं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. ताईने सरळ विचारलं तेव्हाही नाही.

चित्र प्रभुभोजनाचं होतं. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू बारा शिष्यांबरोबर जेवला, भाकर मोडून त्यांना दिली, तो प्रसंग. त्याच्या आठवणीत चर्चमध्ये, म्हणजे आमच्या देवळात, भाकर वाटतात, तेही प्रभुभोजनच. युरोपातल्या चित्रकारांनी तो शेकडो वेळा रंगवला. नगरच्या आमच्या घरात तो आला कॅलेंडरवरून, एका इटालियन चित्राच्या रूपाने. आईने ते कॅलेंडर समोर ठेवून मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्याने अख्खी पंगत भरली. तपकिरी दोरा संपला म्हणून एका शिष्याची दाढी निळी झाली. दगा देणाऱ्या शिष्याच्या हातातली लाचेच्या पैशांची थैली मात्र तिने मुद्दाम गाळली. "जेवायला बसलाय ना? मग जेवू दे की," म्हणाली.

तीन वर्षांपूर्वी ती माझ्याकडे डच मुलखात, अ‍ॅमस्टेलव्हीनला राहायला आली, तेव्हा हे चित्र साड्यांत गुंडाळून घेऊन आली. घटस्फोटानंतर माझ्या भिंती उघड्याच होत्या. जेवणाच्या टेबलामागे एक खिळा होता, तिथे लावलं.

मी ख्रिस्ती आहे हे इथल्या मराठी मंडळींना माहीत नव्हतं. नाव-आडनाव असं की शंका येत नाही. पहिल्याच वर्षी कोणीतरी "पावासाठी बाटलेले" असा विनोद केला, सगळे हसले. मीही हसलो. हसल्यावर मग सांगणार कसं? मला कोणी छळलं नाही, हेही खरंच. मी आरतीला उभा राहायचो आणि नुसते ओठ हलवायचो. कोणी बघेल म्हणून चर्चलाही जात नव्हतो. रविवारी सकाळी घंटा वाजायच्या तेव्हा मी सुपरमार्केटात दूध घेत असायचो. बाकी दिवस स्लोटरडाइकचं ऑफिस. चारचौघांत असूनही मी कोणाजवळ नव्हतो. त्याची इतकी सवय झाली होती की त्याला एकटेपणा म्हणतात हे आई आल्यावरच कळलं.

एका शनिवारी तिला ट्रामने म्युझियममध्ये नेलं. एका जुन्या डच चित्रकाराच्या प्रभुभोजनासमोर ती हलेनाच.

"अरे, खिडकीतून बघ. बाहेर यांचंच गाव आहे. तसलीच उभी उभी घरं."

"तेव्हा तसंच काढायचे, आई."

"बरं केलं. प्रभूला आपल्याच घरात जेवायला बसवलं. लाजले नाहीत." मग आणखी पुढे वाकून, "पण ह्या दगा देणाऱ्याला बघ, टेबलाच्या अलीकडे एकट्याला बसवलंय. पाठ आपल्याकडे. गृहपाठ न केल्यासारखा."

गार्डने तिला हाताने मागे सरकायला सांगितलं. "हो रे बाबा, खात नाही तुझं चित्र," आई मराठीतच म्हणाली. मी खूप दिवसांनी मोठ्याने हसलो.

पुढच्याच आठवड्यात ऑफिसातल्या दोन मराठी जोडप्यांनी स्वतःहून आमच्याकडे जेवायला यायचं ठरवलं. काकूंच्या हातची पुरणपोळी पाहिजे म्हणाले. रविवारी सकाळी आई अंघोळीला गेली आणि मी चित्र काढून मशीनच्या मागे सरकवलं. ती केस पुसत बाहेर आली. भिंतीकडे बघितलं.

"काढलंस?"

"संध्याकाळी लावतो. आज जरा..."

"बरं."

जेवणं रंगात आली होती. गणपती जवळ आले होते, त्यामुळे विषय निघणारच होता. "काकू, यंदा तुमचे गणपती इथेच! तुमच्याकडे दीड दिवसाचा की पाच?" पाहुण्या बाईंनी सहज विचारलं.

आईचा वाढता हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. सांगायचं तर तो क्षण माझा होता. मी उठलो आणि उगाचच फ्रिज उघडला.

"दीड," आई म्हणाली.

"वाटलंच! दीड दिवसवाले सगळे कामचुकार," बाईंचा नवरा म्हणाला.

"अहो, गप्प बसा, नाहीतर दुसरी पोळी मिळायची नाही!"

आईने त्याला दुसरी पोळी वाढली, वर तूप घातलं. चाळीस वर्षं संडे स्कूल शिकवलेली बाई. तिला खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि तेही माझ्यासाठी.

संध्याकाळी मी चित्र बाहेर काढलं. "राहू दे, बॅगेत ठेव," एवढंच ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

ती परत गेल्यावर काही महिन्यांनी ताईचा फोन आला. "आई हल्ली प्रभुभोजन घेत नाही रे. महिन्याच्या पहिल्या रविवारी देवळात भाकरीचा ट्रे आला की न घेताच शेजारणीकडे देते. पाळकांना म्हणाली, माझं मन साफ नाही. तिकडे काही झालं होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. अजूनही तो ट्रे पुढे देते. मी फोनवर माफी मागितली तर ती लगेच देईल, पण भाकर घेणार नाही, मी तिला ओळखतो. ज्यांच्यासमोर ती खोटं बोलली, त्यांना खरं कळल्याशिवाय ते खोटं मिटलं असं ती मानणार नाही. ती दोन्ही जोडपी इथेच राहतात, आठवड्यातून एकदा तरी भेटतात. त्यांना समोर बसवून, मी ख्रिस्ती आहे आणि माझी आई त्या दिवशी माझ्यामुळे खोटं बोलली, एवढं सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.