वस्तीवरची आंबराई

"काका, चित्रात आमचं घर पाठमोरं कसं?" बाहेर विनयने विचारलं. त्याच्या बायकोला पुरणपोळी जमत नाही म्हणून मी त्यांच्या किचनमध्ये पुरण वाटत होते. हात पुरणात होते, कान मोकळे होते.

पंडितकाका इथे अमेरिकेत, नोव्हायला, आमच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये, मुलाकडे, प्रफुल्लकडे राहायचे. नागपूरला जन्मभर नाटकांचे पडदे रंगवलेले. विनय हा प्रफुल्लचा ऑफिसातला साहेब, आणि निघाला काकांच्याच गावचा. ते गाव पुढे धरणात गेलं. म्हणून विनयला नव्या घराच्या भिंतीवर लावायला काकांच्या हातचं अख्ख्या गावाचं चित्र हवं होतं. आकाश बदलून झालं, नदी सोफ्याला शोभेल अशी निळी करून झाली. काका हसत करायचे. "आज साहेबाच्या नदीला पाणी कमी पडलं," म्हणत माझ्याकडे चहाला यायचे.

घर पाठमोरं, कारण काकांनी ते पाहिलं तिथूनच, नदीच्या खालच्या अंगाच्या आपल्या वस्तीतून. चित्रात पुढ्यात वस्ती होती. कडेला कुडाचं घर, दारात सूप घेऊन त्यांची आई. तिचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता.

विनय म्हणाला, ही घरं तेवढी कॅन्सल करा, तिथे आंबराई दाखवा, पाहुणे विचारतात.

"आंबराई नव्हती तिथे. आम्ही होतो."

यावर विनयने प्रफुल्लच्या व्हिसाचं कुठवर आलं ते विचारलं. अगदी गोड आवाजात, काका-काका करत. माझं वाटण थांबलं.

मग काका विनयच्या गॅरेजमध्ये चित्र घेऊन बसले ते आंबे रंगवूनच उठले. प्रफुल्ल म्हणत होता, बाबा, राहू द्या, मी दुसरा जॉब बघतो. त्यांनी ऐकलं नाही. मला मात्र म्हणाले, "जाईबाई, पाण्याने बुडवलं तेव्हा निदान माझा हात नव्हता."

वास्तुशांतीला सगळ्यांनी आंबराईचं कौतुक केलं. खरंच सुरेख होती मेली.

त्यानंतर आठवडाभरात काका झोपेतच गेले. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, माझं दूध आणलं होतं त्यांनी. मला बर्फावर चालायची भीती, म्हणून दर शनिवारी आपल्याबरोबर माझाही कॅन आणायचे. आत या म्हटलं, तर नको म्हणाले. कॅन दाराशी ठेवला, कॅनच्या कडीला त्यांच्या बोटांचा हिरवा रंग लागला होता, आणि नेहमीसारखं म्हणाले, "दूध घ्या हो, जाईबाई."