तालमीबाहेरचा रागाचा दगड

तालमीतले किस्से लाल मातीसारखे असतात. रोज थोडे अंगाला चिकटतात आणि अंघोळ केली तरी कानामागे उरतातच. सोलापुरातली आमची तालीम सुटून आता बरीच वर्षं झाली. तरी डोळे मिटले की हळद, तेल आणि ओल्या मातीचा तो वास येतो, आणि मिलचा भोंगा व्हायच्या आधीच मी तिथं जाऊन पोचतो.

आमचे भिवा वस्ताद डाव कमी शिकवत, दगडावर जास्त बसवत. मनात राग असेल त्यानं मातीत पाय ठेवायचा नाही, हा नियम. दाराबाहेर एक काळा दगड होता, त्यावर बसायचं. राग गेला की आत यायचं. गेला की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. वस्ताद विचारत नसत. हीच तर मेख होती! वस्तादांना फसवता आलं असतं हो, स्वतःला कसं फसवणार?

*

आमचा व्यंकय्या मागावर लुगडी विणायचा. एकदा सासऱ्याशी भांडून आला आणि दगडावर बसला. आमच्या जोर-बैठका झाल्या, कुस्त्या झाल्या, तरी हा बसलेलाच.

"एवढा राग?" मी विचारलं.

"राग मघाच गेला की. पण हितं वारं लई गोड हाय."

*

एका पहाटे बघतो तर दगडावर खुद्द वस्ताद! पैलवानांच्या दुधात गवळ्यानं पाणी घातलं होतं. आत कंदील मिणमिणत होता, पण आत जायचा धीर कुणाला होईना. शेवटी आम्ही सगळे त्यांच्या पायाशी बसलो. हळूहळू उजाडलं, चिमण्या बोलू लागल्या. किती सुख वाटलं त्या बसण्यात!

बऱ्याच वेळानं वस्तादांचं लक्ष गेलं. "तुमी का बसलायसा? तुमचाबी गवळी त्योच हाय व्हय?"

*

दगड खरा झिजवला तो रसूलनं. टांगेवाल्याचा मुलगा, अंगानं खांब, डोकं कायम तापलेलं. नातेपुत्याच्या किसन पैलवानानं कुस्तीत त्याच्या भावाचा खांदा मोडला होता. भावाचं खेळणं संपलं. तेव्हापासून रसूलला किसनशीच लढायचं होतं.

"त्याचं नाव घेतल्यावर काय व्हतं?" एरवी न विचारणारे वस्ताद त्याला मात्र विचारायचे.

"हात शिवशिवत्यात."

"मग बस."

असं वर्ष गेलं. एका सकाळी रसूल म्हणाला, "आता काय व्हत न्हाय." वस्तादांनी किसनशी त्याची जोड ठरवली.

*

वेळापूरकडच्या जत्रेतली ती कुस्ती. दुपार कलली होती, हलगी घुमत होती, उन्हात माती तरंगत होती. दोघांनी हातात हात दिला आणि रसूलनं तो सोडवून घेतला. आखाड्याबाहेर येऊन खाली बसला.

"भ्याला, भ्याला!" लोक ओरडले. हलगी थांबली. माझा जीव टांगणीला लागला. ज्या कुस्तीसाठी तो वर्षभर झुरला, ती हातची चालली होती. पंच निकाल द्यायला उठलेसुद्धा.

तेवढ्यात किसनही बाहेर आला आणि त्याच्याशेजारी मांडी घालून बसला.

"भावाचा खांदा कसा हाय?"

"दुखतोय. थंडीत जास्त."

"त्या दिवशी मी रागात हुतो."

मग रसूल उठला आणि त्यानं हात देऊन किसनला उठवलं.

कुस्ती लांबली, रंगली, आणि रसूल चितपट झाला. पाठीवर पडल्या पडल्या आभाळाकडे बघून हसत होता. वस्ताद आत गेले, त्याला उठवून बसवलं, आपल्या डोक्याचा फेटा सोडला आणि त्याला बांधू लागले.

"वस्ताद, हरलेला त्यो हाय!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"ठावं हाय," वस्ताद म्हणाले आणि शेवटचा वेढा घट्ट केला.