साहेबांचं दीडशे वर्षांचं झाड

झाड लहान ठेवण्यासाठी माणूस मनाने मोठा असावा लागतो. हे वाक्य आमच्या साहेबांचं. एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी पिंपरीच्या एका सरकारी कारखान्यात टंकलेखक होतो, तेव्हा दर रविवारी सकाळी साडेनऊला मी ते ऐकत असे. पहिले दोन रविवार मला ते पटलंही होतं.

साहेब कारखान्याच्या कामासाठी सहा महिने जपानला जाऊन आले होते. यंत्रांविषयी ते तिथे काय शिकले हे कधी कानावर आलं नाही. येताना मात्र एका उथळ निळ्या तबकात वीतभर उंचीचं पाइनचं झाड घेऊन आले. बोटीवर झाड त्यांच्या खोलीत होतं आणि बाईसाहेबांची ट्रंक खाली मालात, असं त्यांचा ड्रायव्हर सांगायचा. पहिल्या आठवड्यात त्या झाडाचं वय ऐंशी होतं. दिवाळीच्या फराळाला ते एकशेवीस झालं आणि नाताळात दिल्लीचे पाहुणे आले तेव्हा दीडशे. इतक्या झपाट्याने म्हातारं होणारं दुसरं झाड मी पाहिलेलं नाही.

मग बंगल्याच्या व्हरांड्यात रविवारचा वर्ग सुरू झाला. यायलाच पाहिजे असं कोणी म्हटलं नव्हतं. फक्त कोण आलं नाही हे साहेब सोमवारी सहज विचारायचे. दोन महिन्यांत सबंध कॉलनीला बुटक्या झाडांचा नाद लागला. जॅमच्या रिकाम्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडली गेली. रोपं आणायला लांब जावं लागलं नाही. क्वार्टरं बांधून दोनच वर्षं झाली होती आणि भिंतींच्या फटींतून वड, पिंपळ, उंबर आपापले उगवलेले होते. कंत्राटदाराने केलेलं एवढं एकच काम टिकाऊ निघालं. अडचण निघाली ती बायकांची. घरात पिंपळ ठेवायचा नाही, यावर कॉलनीतल्या एकूण एक बायकांचं एकमत झालं. त्यांचं इतर कशावरही एकमत झालेलं मी ऐकलेलं नाही. त्यामुळे ते सगळे डबे पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर रांगेने बसले आणि रोज संध्याकाळी मोठमोठे पदवीधर आपापल्या पिंपळाला भेटायला टाकीपाशी जाऊ लागले. माझाही एक उंबर तिथे होता.

साहेब शिकवायचे ते तारेचं काम. तांब्याची तार फांदीभोवती गुंडाळायची आणि रोज थोडी थोडी वाकवायची. "फांदीला वाटलं पाहिजे," ते म्हणायचे, "की ही दिशा तिने स्वतःच निवडली आहे." सगळे माना डोलवायचे. आमच्या कचेरीत हे तारेवाचूनच होत असे.

या वर्गातले सर्वांत निष्ठावंत विद्यार्थी म्हणजे आमचे हेडक्लार्क. आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणायचो. त्यांनी एक वड डब्यात घातला होता. वडाला कात्री लावायची म्हणजे पाप, आणि न लावायची म्हणजे साहेबांची नाराजी. त्यावर त्यांनी तोड काढली होती. चपला काढायच्या, डब्याला अक्षता वाहायच्या, हात जोडून क्षमा मागायची आणि मग शेंडा कापायचा. एका शेंड्याला दहा मिनिटं लागत. न्हावीसुद्धा इतका वेळ घेत नाही. मी हसायचो. पण ते हे सगळं कशासाठी करतात हे मला ठाऊक होतं. मार्चअखेर पंचावन्न पुरे करून ते निवृत्त होणार होते. दोन वर्षांची मुदतवाढ मागणारा त्यांचा अर्ज जानेवारीपासून साहेबांच्या टेबलावर पडून होता. मुलाची पुण्यात इंजिनिअरिंगची दोन वर्षं राहिली होती आणि क्वार्टर सोडलं तर राहायला घर नव्हतं. अर्जावर साहेबांची एक सही पाहिजे होती. अर्ज मीच टाइप केला होता.

बंगल्याचा माळी पिंपरी गावातलाच, साठीच्या पुढचा. त्याची जमीन कारखान्यात गेली आणि बदल्यात नोकरी मिळाली. पूर्वी जिथे तो ज्वारी पेरायचा तिथे आता गुलाबांना पाणी घालायचा. त्या निळ्या तबकाला मात्र त्याने बोट लावायचं नाही, अशी साहेबांची ताकीद होती. एकदा वर्ग सुटल्यावर तो मला म्हणाला, "आमच्या गावात बांधांवर बोरी हायत असल्याच. शेरडं रोज शेंडा खात्यात, झाड वाढतच न्हाई. तार बी लागत न्हाई."

फेब्रुवारीत साहेबांना पाच आठवडे दिल्लीला जायचं होतं. जाण्याआधीच्या रविवारी त्यांनी ते झाड मधोमध ठेवून मोठं व्याख्यान दिलं. "पाहा," ते म्हणाले, "डिसेंबरपासून एक नवीन पान नाही. एक केसभर वाढ नाही. हा संयम आहे. हे झाड आपल्याला काही सांगतं आहे." आम्ही झाडाकडे पाहिलं. ते खरंच अजिबात हललं नव्हतं. भाऊसाहेबांचे डोळे पाणावले होते. ते भक्तीने की अर्जाने, हे सांगणं कठीण.

व्याख्यानाच्या शेवटी साहेबांनी झाड भाऊसाहेबांच्या स्वाधीन केलं. सूचनांची अकरा कलमं मी टाइप केली, तीन प्रतींत. "परत आलो की तुमच्या अर्जाचंही बघू," साहेब जाता जाता म्हणाले. एवढं पुरे होतं. भाऊसाहेबांनी एक स्वतंत्र रजिस्टर उघडलं. तारीख, वेळ, पाणी, शेरा, सही. दिवसातून दोनदा ते कचेरीतून बंगल्यावर जात, चपला काढत, पळीने पाणी घालत आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहीत, 'प्रकृती समाधानकारक.'

तिसऱ्या आठवड्यात झाड पिवळं पडू लागलं. भाऊसाहेबांनी ते आधी सावलीत नेलं, मग उन्हात, मग पुन्हा सावलीत. शेरा तोच राहिला. चार दिवसांनी खालची पानं गळाली तेव्हा ते मला घेऊन बंगल्यावर गेले आणि त्यांनी माळ्याला हाक मारली.

"म्हातारबा, जरा बघता का? आणि कुठे बोलू नका."

"मला हात लावायचा हुकूम न्हाई."

"मी सांगतो ना. लावा."

माळ्याने धोतराला हात पुसला आणि अंगठ्याच्या नखाने खोडाची साल थोडी खरवडली. आत तपकिरी होतं. मग एक फांदी धरून वाकवली. ती कट्कन मोडली.

"हितं हिरवं पायजे," तो म्हणाला. "निस्तं लाकूड हाय."

"म्हणजे आजारी आहे?"

"आजारी न्हाई. मेलंय."

भाऊसाहेब पायरीवर बसले. "माझ्या हातून मेलं," ते म्हणाले.

"तुमच्या हातून कशाला? संक्रांतीच्या आदीच गेलंय. लगीनघरी आंब्याचा डहाळा तोडून बांधला तरी चार दिस हिरवा दिसतोच की. ही जात लई दिस दिसत आसंल."

मी विचारलं, "म्हणजे साहेब त्या दिवशी संयम म्हणत होते..."

"व्हय. तवा मेलेलंच व्हतं. म्हनून तर वाढलं न्हाई."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"आमी बोलायचं व्हय?" माळी म्हणाला आणि गुलाबांकडे निघून गेला.

कचेरीत परतल्यावर मी भाऊसाहेबांना म्हटलं, खरं तेच सांगून टाका. मी तेविसाचा होतो आणि माझा कुठलाही अर्ज कोणाच्या टेबलावर नव्हता. ते शांतपणे म्हणाले, "सांगतो. कोणत्या वाक्यात सांगू तेवढं तुम्ही सांगा."

मी मनातल्या मनात तीन-चार वाक्यं जुळवून पाहिली. प्रत्येक वाक्यात साहेब मेलेल्या झाडासमोर उभे राहून व्याख्यान देत होते. झाड भाऊसाहेबांच्या हातून मेलं म्हणावं तर अर्ज गेला. साहेबांच्या हातून मेलं म्हणावं तर अर्ज आणि भाऊसाहेब दोघेही गेले. रजिस्टरमध्ये तर वीस दिवस प्रकृती समाधानकारक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला मजकूर सांगायला सुरुवात केली. "आपल्या प्रस्थानानंतर वृक्षाने पाणी स्वीकारले, परंतु मनाने आहार घेतला नाही. नेहमीचा हात दिसेना, हे त्याच्या ध्यानात आले असावे..."

माझी बोटं थांबली. "भाऊसाहेब, झाडाला विरह?"

"टाइप करा हो तुम्ही. मी पंचवीस वर्षं साहेब बघतोय."

मी टाइप केलं. इंग्रजांच्या अमदानीतले साहेब त्यांनी पाहिले होते, हेही पाहत होते. आयुष्यभर वाकवलं जाणं सोसलेल्या माणसाला तार कुठून कशी जाते हे बरोबर ठाऊक असतं, असं मला तेव्हा वाटलं. त्याबद्दल त्यांचा राग यावा की स्वतःचा, हे काही ठरलं नाही. पत्राची एक कार्बन प्रत मी फायलीला लावली.

साहेब आले ते थेट व्हरांड्यात गेले. तबकात पिंगट काटक्या उभ्या होत्या. भाऊसाहेबांनी पत्र पुढे केलं. साहेबांनी ते उभ्यानेच वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. मी भाऊसाहेबांच्या मागे उभा होतो. त्यांच्या पाठीवर सदरा चिकटला होता.

"ऐकलंस का," साहेब आतल्या दाराकडे वळून म्हणाले, "त्याला कळलं. मी गेलो हे त्याला कळलं."

"कळलं असेल," बाईसाहेब आतून म्हणाल्या. "पान वाढलंय."

त्या रविवारी वर्गाऐवजी शोकसभा झाली. आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. साहेब निष्ठा या विषयावर बोलले. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली राहिलेलं झाड हात ओळखतं, दुसऱ्या हाताचं पाणी त्याला लागत नाही, आणि ही गोष्ट आपल्या हेडक्लार्कांनी ओळखली यातच त्यांची दृष्टी दिसते. झाड आता पावणेदोनशे वर्षांचं झालं होतं. टाकीच्या कठड्यावर पिंपळ पाळणारे सगळे पदवीधर गंभीरपणे ऐकत होते. माळी दूर नळीची गुंडाळी करत होता.

सोमवारी अर्जावर सही झाली. पूर्ण दोन वर्षं. साहेबांनी समासात लिहिलं होतं, 'सूक्ष्म निरीक्षणशक्ती.' भाऊसाहेबांनी तो कागद मला दाखवला, घडी घालून खिशात ठेवला आणि संध्याकाळी जाऊन आपला वड डब्यातून काढून नदीकाठच्या मातीत लावून आले. पुढच्या रविवारी ते दुसरा वड घेऊन हजर होते. मुलगा यथावकाश इंजिनिअर झाला.

तबक साहेबांनी ठेवून घेतलं. झाडाचं यथोचित विसर्जन करायला त्यांनी माळ्याला सांगितलं. यथोचित म्हणजे काय, हे कोणी सांगितलं नसल्याने त्याने ते घरी नेऊन अंघोळीच्या बंबात घातलं. आठवडाभराने मी त्याला विचारलं, कसं जळलं.

"धूर लई झाला," तो म्हणाला. "पानी कोमटच राहिलं."