दुधाच्या रजिस्टरचं पान

निवृत्त झाल्यापासून लोक मला खुनाच्या केसेस विचारतात. खून मी बरेच पाहिले आणि बरेच विसरलोही. जिच्यात कुणाचा जीव गेला नाही, कुणाचा ऐवज गेला नाही, अशी एक केस मात्र अजून मनातून जात नाही.

मी तेव्हा कोल्हापुरात पोलीस निरीक्षक होतो. शिवाजी पेठेत एक वयस्क डॉक्टर बाई आईच्या दुधाची पेढी चालवायच्या. ज्या बाळंतिणीला दूध जास्त येतं तिचं घ्यायचं, तपासायचं आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या अशक्त बाळांना दवाखान्यात पोचवायचं, एवढंच काम. ट्रस्टमागे शहरातली दोन-चार श्रीमंत घराणी होती. पण कोल्हापुरात दूध म्हणजे म्हशीचं, तेही कॅनमधून आलेलं. बर्फाच्या बंद पेटीतून बाईचं दूध जातं, हे कुणाच्या डोक्यातच येईना.

अशात एक व्हिडिओ फिरू लागला. त्यात पेढीच्या रजिस्टरच्या एका पानाचा फोटो होता. आईचं नाव, वय, आणि तीन नावांपुढं ‘बाळ मयत’. मागून एक घोगरा आवाज सांगत होता की हे श्रीमंत लोक ट्रस्टच्या आडून गरिबांची लेकरं मारतात आणि पेट्यांतून अवयव परदेशी पाठवतात. शेवटी ‘गप्प बसू नका’ असंही सांगितलेलं.

पेठेतली पोरं गप्प बसली नाहीत. भर दुपारी त्यांनी पेढीची गाडी अडवली. आतली सिस्टर पेटीवर आडवी पडून "अहो, दूध आहे ते, दूध!" असं ओरडत राहिली. तिच्या कपाळाला चार टाके पडले. मी पोचलो तेव्हा रस्त्यावर काचा आणि पांढरे ओघळ होते, आणि त्यात चपलांचे ठसे. ज्यानं पेटी फोडली तो पैलवान गडी कडेला बसून बाटलीवरची चिठ्ठी वाचत होता. ‘आईचे दूध’ असं ठळक मराठीत लिहिलेलं.

"मारायच्या आधी वाचायला काय झालं होतं रे?" मी खडसावलं. तो चिठ्ठी पुन्हा वाचायला लागला.

गुन्हा दाखल केला, पंचनामा केला, नऊ जणांना ताब्यात घेतलं. पण फोटो पेढीच्या आतला होता. तो बाहेर आला कसा? डॉक्टर बाई जबाबात म्हणाल्या, "रजिस्टर टेबलावर उघडंच असायचं. लपवण्यासारखं त्यात काय होतं?"

सायबर शाखा व्हिडिओच्या मागं लागली होती. त्यांच्या आधी खबर आली ती राधानगरीकडच्या एका गावातून. तिथल्या दूध डेअरीच्या सेक्रेटरीनं फोन केला. "सायब, व्हिडिओ मागनं आला. नुसता फोटू आदी आमच्या डेअरीच्या ग्रुपवर आलता. टाकणारा गडी गावचाच, आता शिरोलीत फौंड्रीत कामाला हाय. गरीब हाय वो, मारू नका त्याला."

त्या गड्याला ठाण्यात आणलं. तिशीतला, हातावर ठिणग्यांचे डाग. ट्रस्टवर राग आहे? न्हाय. कुणी करायला लावलं? न्हाय. तासभर हेच. मी टेबलावर हात आपटला, नाही नाही ते बोललो. आज त्याची लाज वाटते. शेवटी चहा मागवला, ते पान त्याच्यापुढं सरकवलं आणि विचारलं, "यातलं कुणी ओळखीचं आहे?"

त्यानं तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि ढसाढसा रडायला लागला. "ही माझी बायकू. आन ते मयत लिवलंय न्हवं, ते माझं लेकरू."

बाळ सातव्या महिन्यातच जन्मलं आणि सहाव्या दिवशी दवाखान्यातच दगावलं. कापडात गुंडाळून बापाच्या हातात दिलं, सही घेतली. कशानं गेलं ते कुणी बसून सांगितलं नाही. पुढं बायको तपासणीला म्हणून वरचेवर पेठेत जायची. एकदा हा मागोमाग पेढीत गेला. ती आतल्या खोलीत होती, बाहेर टेबलावर रजिस्टर. आपल्या मेलेल्या लेकराची नोंद इथं कशाला?

त्यांच्या गावात दुधाच्या फॅटची शंका आली की डेअरीच्या रजिस्टरचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात आणि विचारतात. यानंही सवयीनं तेच केलं. खाली लिहिलं, ‘हे काय हाय? कुणाला म्हाईत हाय का?’

"मग? कुणी सांगितलं?"

"न्हाय सायब. चार दिसांनी त्योच फोटू आवाज लावून माझ्याकडं परत आला. मग मला खरं वाटलं. मीबी धा जणांस्नी पाठिवला."

बायकोला जबाबासाठी बोलावलं. अंगानं बारीक, आवाज खणखणीत. म्हणाली, "लेकरू गेलं तरी दूध थांबंना. सिस्टर म्हणल्या, दुसऱ्याचं तरी जगंल. म्हणून देत हुते."

"मला का न्हाय सांगितलंस?" नवरा म्हणाला.

ती त्याच्याकडं वळली. "रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं ठेवतासा, तिनं पान्हा सोडावा म्हणून. माझ्यापुढं काय ठेवलासा? लेकराचा विषयबी घरात काढू दिला न्हाईसा."

जबाब लिहिणाऱ्या हवालदारानं पेन खाली ठेवलं. माझेही डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

पुढं त्या गड्यालाही नोटीस द्यावी लागली. पोरं जामिनावर सुटली. तो घोगरा आवाज कुणाचा, हे मी निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. आम्ही खुलासा काढला. तो कुणी पुढं पाठवला नाही. उलट ओळखीचेच मला विचारत, "काय सायब, वरनं दाब आला व्हय?" जागामालकानं खोल्या परत मागितल्या, बाया यायच्या बंद झाल्या आणि पेढीला कुलूप लागलं.

लबाड माणसं ओळखण्यात माझी सगळी नोकरी खर्ची पडली. हा माणूस लबाड नव्हता. त्याला एक प्रश्न पडला होता आणि दवाखान्यात, घरात, गावात कुणी त्याच्याशी दोन मिनिटं बोललं नाही. जो बोलला तो खोटं बोलला. तेव्हापासून ठाण्यात कुणी कितीही वेडा प्रश्न घेऊन आला तरी त्याला मी बसवून घ्यायचो आणि हेच बरोबरच्यांनाही सांगायचो. पण हे शहाणपण उशिराचं.

कुलूप लागल्यावर आठवड्याच्या आत त्या गड्याची बायको पुन्हा ठाण्यात आली. पिशवीतून तिनं झाकणाचा लहान स्टीलचा डबा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"सायब, तिथं कुलूप हाय. हे आता कुणाला देऊ?"

आमच्या महिला कॉन्स्टेबलनं तिला बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन ती उठली. आवारात फिरून कुणाच्या पायाखाली येणार नाही अशी भिंतीकडेची जागा तिनं शोधली, पेरूच्या झाडाच्या बुंध्याशी डब्यातलं दूध ओतलं, डबा, नळावर विसळला आणि निघून गेली.